चाकामागचा रबरी बूट

रस्त्याच्या कडेला किंवा शेजाऱ्यांच्या अंगणात उभी असलेली एखादी लहान मोटार पाहा. तिची पुढची चाके एका बाजूला पुरती वळवलेली असतील, तर मालकाची परवानगी घेऊन चाकाच्या मागे जरा डोकावा. अंगठ्याहून थोडा जाड असा एक पोलादी दांडा गाडीच्या पोटातून चाकाकडे गेलेला दिसेल. तो चाकाला जिथे मिळतो तिथे काळ्या रबराचे, नरसाळ्याच्या आकाराचे एक आवरण आहे. बाजाच्या पेटीच्या भात्याला असतात तशा त्याला घड्या आहेत आणि दोन्ही टोकांना ते धातूच्या पट्ट्यांनी आवळलेले आहे. गॅरेजमधले कारागीर त्याला 'बूट' म्हणतात.

हा बूट गाडी ओढत नाही, थांबवत नाही किंवा वळवतही नाही. तो फक्त आतले ग्रीस आत आणि बाहेरची धूळ बाहेर ठेवतो. असे असूनही तो फाटला आणि कोणाचे लक्ष गेले नाही, तर काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत त्याच्या आतला महागडा पोलादी सांधा निकामी होतो. काहीशे रुपयांच्या वस्तूपायी काही हजारांचा खर्च उभा राहतो. असे का होते, आणि फाटलेला बूट घरच्या घरी कसा बदलता येतो, हे आज पाहू या.

चाकाने करायची दोन कामे

अँबॅसडर किंवा प्रीमिअर पद्मिनी या जुन्या गाड्यांत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळत असे. वळण्याचे काम पुढची चाके करीत आणि ढकलण्याचे काम मागची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी भारतात घरोघरी पोचली. या रचनेत मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा लागत नाही. इंजिन, गिअरपेटी आणि चालती चाके सारी पुढेच येतात, त्यामुळे लहान गाडीतही माणसांना ऐसपैस जागा मिळते. आज आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या अशाच आहेत.

मात्र यामुळे पुढच्या चाकावर दोन कामे येऊन पडली. त्याने फिरून गाडी ओढायची आणि त्याच वेळी डावी-उजवीकडे वळायचेही. खड्डा आला की ते वर-खाली होते, हे आणखी निराळेच. गिअरपेटी मात्र आपली जागा सोडत नाही. मग जागच्या जागी असलेल्या गिअरपेटीकडून सतत कोन बदलणाऱ्या चाकाकडे फिरण्याची गती न्यायची कशी? मधल्या दांड्याला कुठेतरी सांधा हवा, हे उघड आहे. पण तो कोणत्या प्रकारचा असावा?

हूकचा सांधा आणि त्याची अडचण

स्प्रिंगच्या नियमामुळे ज्याचे नाव तुम्हांला ठाऊक आहे, त्या रॉबर्ट हूकने १६७६ साली प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तकात अशा सांध्याचे वर्णन केले आहे. दोन दांड्यांच्या टोकांना दोन चिमटे आणि त्यांच्या मध्ये एक फुली, अशी त्याची रचना असते. फुलीची एक काडी पहिल्या चिमट्यात फिरते आणि दुसरी काडी दुसऱ्या चिमट्यात. ट्रकच्या पोटाखाली लांब दांड्याला असे सांधे तुम्ही पाहिले असतील.

हा सांधा मजबूत आहे, स्वस्त आहे, पण त्यात एक खोड आहे. दोन दांड्यांमध्ये कोन असला, की पहिला दांडा अगदी एकसारखा फिरवला तरी दुसरा एकसारखा फिरत नाही. तो एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. समजा, कोन ३० अंशांचा आहे आणि पहिला दांडा मिनिटाला १०० फेरे घेतो आहे. तर दुसऱ्याचा वेग मिनिटाला सुमारे ११५ फेऱ्यांपासून ८७ फेऱ्यांपर्यंत सारखा खाली-वर होत राहतो. सरासरी बरोबर १०० येते, पण प्रत्येक फेऱ्यात दोन हिसके बसतात.

ज्यांना त्रिकोणमिती येते त्यांच्यासाठी नियम सांगतो. दोन दांड्यांमधला कोन β असेल, तर दुसऱ्या दांड्याचा वेग पहिल्याच्या १/cos β पटीपासून cos β पटीपर्यंत बदलतो. कोष्टकात cos ३०° = ०.८६६ पाहा, म्हणजे वरचे आकडे तुम्हांलाही मिळतील. ही खोड हूकला माहीत होती. सूर्यघड्याळाच्या तबकडीवर सावली एकसारख्या वेगाने सरकत नाही. ती सावलीची चाल दाखवायला हा सांधा उपयोगी पडेल, हे त्याने ओळखले होते. एखाद्या यंत्राचा दोष दुसरीकडे गुण ठरतो तो असा!

मोटारीच्या चाकाला मात्र तो दोषच आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत लांब दांड्याच्या दोन्ही टोकांना हूकचा एकेक सांधा योग्य रीतीने बसवतात. दोन्हीकडचे कोन सारखे असले, की पहिल्याने केलेली चूक दुसरा दुरुस्त करतो. पुढच्या चाकाबाबत ही युक्ती चालत नाही. तिथे स्टिअरिंग फिरवले की चाकाकडचा कोन खूप वाढतो आणि गिअरपेटीकडचा होता तसाच राहतो. वळणावर स्टिअरिंगला हिसके बसू लागतील आणि टायरही झिजतील.

कोनदुभाजकाने सोडवलेले कोडे

यावरचा उपाय शाळेतल्या भूमितीत दडलेला आहे. कोनदुभाजकावरील प्रत्येक बिंदू कोनाच्या भुजांपासून समदूर असतो, हे प्रमेय तुम्ही शिकला आहात. आता दोन दांडे एकमेकांशी कोन करून ठेवले आहेत अशी कल्पना करा. त्यांच्या मधोमध, कोनाला दुभागणारा एक आरसा आहे असे समजा. या आरशाच्या पातळीतला कोणताही बिंदू दोन्ही दांड्यांच्या अक्षांपासून सारख्याच अंतरावर असतो.

फिरणाऱ्या वस्तूवरील बिंदूचा वेग म्हणजे कोनीय वेग गुणिले अक्षापासूनचे अंतर. एक दांडा दुसऱ्याला ज्या बिंदूंशी ढकलतो, ते बिंदू जर नेहमी या आरशाच्या पातळीतच राहिले, तर अंतरे सारखी होतील. ढकलणाऱ्याचा आणि ढकलला जाणाऱ्याचा वेग त्या बिंदूशी सारखाच असतो. म्हणजे कोनीय वेगही सारखेच असले पाहिजेत. मग कोन कितीही बदलो, दोन्ही दांडे बरोबरीनेच फिरतील.

हे तत्त्व पोलादात उतरवण्याचे प्रयत्न १९२० च्या दशकात झाले. फ्रान्समध्ये फनाय आणि ग्रेग्वार यांनी 'ट्रॅक्टा' नावाचा सांधा केला. अमेरिकेत फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड झेपा याने गोळ्यांचा सांधा शोधून काढला. आज बहुतेक गाड्यांच्या चाकामागे झेपाच्या सांध्याचेच सुधारलेले रूप असते. १९५९ साली इंग्लंडमध्ये अॅलेक इसिगोनिसने आखलेली चिमुकली 'मिनी' गाडी निघाली. तिच्यात हाच सांधा वापरला होता आणि त्यानंतर त्याचा प्रसार झपाट्याने झाला. मराठीत त्याला समवेगी सांधा म्हणू या. कारागीर त्याला 'सीव्ही जॉइंट' म्हणतात.

या सांध्यात घंटेच्या आकाराची एक पोलादी वाटी असते. तिच्या आतल्या बाजूला सहा वक्र खोबणी असतात. वाटीत एक गोलसर गाभा बसतो आणि त्याच्या बाहेरच्या बाजूलाही सहा खोबणी असतात. समोरासमोरच्या दोन खोबणींमध्ये एकेक, अशा सहा पोलादी गोळ्या बसवलेल्या असतात. सहाही गोळ्यांना एका पातळीत धरून ठेवायला एक जाळीदार कडे असते, त्याला पिंजरा म्हणतात. खोबणींचे वाक असे ठेवलेले असतात, की सांधा कितीही वाकला तरी गोळ्या दुभाजक पातळीतच सरकतात. गोळ्या हेच आपले ढकलण्याचे बिंदू!

गिअरपेटीच्या बाजूलाही असाच एक सांधा असतो. पुष्कळ गाड्यांत तो तीन रुळांचा असतो. चाक वर-खाली झाले की दांड्याची लांबी कमी-जास्त करावी लागते. ते काम हे रूळ आपापल्या खोबणीत आत-बाहेर सरकून करतात. म्हणजे एका बाजूला दोन सांधे व दोन बूट, आणि साऱ्या गाडीचे मिळून चार बूट.

ग्रीस आणि वाळू

गाडीला ओढणारे सारे बळ या सहा गोळ्यांच्या टेकण्याच्या जागांतून जाते. गोळी खोबणीला टेकते ती जागा अगदी लहान, म्हणून तिथला दाब फार मोठा. धातूवर धातू घासू नये म्हणून सांध्यात एक खास काळे ग्रीस भरतात. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले असते. या पदार्थाचे स्फटिक पानापानांचे असतात. पत्त्यांच्या जोडातली पाने जशी एकमेकांवरून सहज घसरतात, तसे त्याचे थर घसरतात, आणि दाबाखाली ग्रीस बाजूला सरले तरी हे थर मध्ये टिकून राहतात.

आता बूट फाटला असे समजा. पहिल्यांदा ग्रीस बाहेर पडते. किती जोराने? लहान गाडीच्या चाकाचा व्यास सुमारे अर्धा मीटर, म्हणजे परीघ सुमारे १.५७ मीटर. एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ६४० फेरे होतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका मिनिटात एक किलोमीटर जाते, म्हणजे दांडाही मिनिटाला ६४० फेरे घेतो. बुटाच्या आतल्या, अक्षापासून ४ सेंटिमीटर अंतरावरच्या ग्रीसचे त्वरण काढून पाहा. ते गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १८ पट येते! साहजिकच फटीतून ग्रीस उडते आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळा पट्टा उमटतो.

ग्रीस गेल्यावर त्याच फटीतून धूळ, चिखल आणि पाणी आत येते. रस्त्यावरच्या वाळूत गारगोटीचे कण असतात. गारगोटी इतकी कठीण असते, की कठीण केलेल्या पोलादालाही तिने ओरखडे पडतात. उरलेल्या ग्रीसमध्ये हे कण मिसळले, की वंगणाचे पॉलिश पेपर बनते. गोळ्या आणि खोबणी घासल्या जातात, त्यांना खळगे पडतात आणि पाण्यामुळे गंज चढतो. मग वळणावर 'कट्‌ कट्‌ कट्‌' असा आवाज येऊ लागतो. हा आवाज आला, की सांधा वाचवण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. त्यात नुसते नवे ग्रीस भरले तर आवाज काही दिवस दबेल, पण झिजलेले पोलाद परत येणार नाही.

रबर का फाटते?

दांडा सरळ असेल तेव्हा बुटाच्या घड्या नुसत्या फिरतात. पण कोन आला की प्रत्येक घडी एका बाजूला मिटते आणि दुसऱ्या बाजूला उघडते. एका फेऱ्यात ती एकदा मिटते, एकदा उघडते. किलोमीटरला ६४० याप्रमाणे १०,००० किलोमीटरमध्ये हे ६४ लाख वेळा घडते!

त्यात भर पडते हवेतल्या ओझोनची. वाहनांच्या धुरातील वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगतही थोडा ओझोन तयार होतो. हवेच्या दहा कोटी रेणूंमागे ओझोनचे काही थोडेच रेणू असतात, पण रबराला तेवढेही पुरतात. रबराच्या लांबलचक रेणूत ठिकठिकाणी कार्बनचे दुहेरी बंध असतात. ओझोन नेमका त्या बंधांवर हल्ला करून साखळी तोडतो. ताणलेल्या रबरात तुटलेली टोके एकमेकांपासून दूर खेचली जातात आणि ताणाच्या आडव्या दिशेत चीर पडते. म्हणूनच बुटाच्या चिरा बहुधा घड्यांच्या खोल भागात सापडतात.

नैसर्गिक रबर इथे फार टिकत नाही. १९३० साली अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झाले. त्याच्या रेणूतील क्लोरीनच्या अणूंमुळे ओझोन आणि तेल यांना ते अधिक चांगले तोंड देते. पुष्कळ बूट निओप्रीनचे असतात. अलीकडे ताणता येणाऱ्या प्लास्टिकचेही बूट येतात. ते जास्त टिकतात, पण अमर कोणताच नाही.

आधी निदान

इंजिनाचे तेल बदलण्याच्या वेळी, तसेच पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर चारही बूट पाहावेत. सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद करून, चाके पूर्ण वळवावीत आणि बॅटरीच्या उजेडात घड्या बोटांनी उघडून पाहाव्यात. तीन शक्यता आहेत.

बुटावर बारीक चिरा आहेत, पण ग्रीस बाहेर आलेले नाही: बूट बदलण्याची ही सर्वांत चांगली वेळ.

बूट फाटला आहे, ग्रीस उडाले आहे, पण आवाज नाही: ताबडतोब बदलावा. सांधा धुऊन तपासल्यावर तो वाचला आहे की नाही ते कळेल.

मोकळ्या मैदानात चाके पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली असता कट्‌ कट्‌ आवाज येतो: नुसता बूट बदलून उपयोग नाही. सांधाच बदलावा लागेल. अशा गाडीने लांबचा प्रवास करू नये. सांधा तुटला तर इंजिनाची शक्ती चाकाकडे जाणेच थांबते.

बूट बदलताना

हे काम हत्यारे हाताळण्याची सवय असलेल्या मोठ्या माणसाचे आहे. तुम्ही मदतनीस व्हा: हत्यारे द्या, काढलेले भाग ओळीने मांडा आणि प्रत्येक पायरीचे कारण विचारा. गाडीची दुरुस्ती-पुस्तिका जवळ हवीच, कारण प्रत्येक गाडीचे बारकावे निराळे असतात.

सर्वांत आधी सुरक्षितता. सुमारे ६५० किलोग्रॅमच्या लहान गाडीचा पुढचा एक कोपरा उचलला, तरी जवळजवळ २०० किलोग्रॅमचा भार तोलावा लागतो. जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी असतो. तेलाच्या जॅकमध्ये हा भार शेवटी एका रबरी कड्यावर असतो, आणि रबराचे काय होते ते आपण आताच पाहिले! म्हणून जागा सपाट आणि टणक हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, आणि मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे हवेत. गाडी उचलल्यावर ती पोलादी स्टँडवर टेकवून, हलवून खात्री करावी. विटांचा ढीग हा स्टँड नव्हे. वीट एकाएकी फुटते. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

(१) चाक जमिनीवर असतानाच चाकाच्या मधोमध असलेला मोठा नट ढिला करावा. तो फार घट्ट असतो. अर्धा मीटर लांबीच्या दांडीवर ४०० न्यूटन बळ लावले, तर घूर्णन परिणाम २०० न्यूटन-मीटर होतो. या नटाला असा काही जोर लागतो. चाक जमिनीवर असले की घर्षण ते धरून ठेवते. स्टँडवरच्या गाडीला असा जोर लावला तर ती ढकलली जाऊन पडेल. नटाची कड दांड्याच्या खाचेत ठोकलेली असेल, तर ती आधी वर करावी.

(२) गाडी उचलून, स्टँडवर टेकवून चाक काढावे. पुष्कळ गाड्यांत गिअरपेटीचे तेल आधी काढून घ्यावे लागते, नाहीतर दांडा निघताच ते सांडते.

(३) खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवला, की चाकाचा हब बाहेरच्या बाजूला झुकवता येतो आणि दांड्याचे दातेरी टोक त्यातून निसटते. ब्रेकचा रबरी नळ ताणला जाऊ देऊ नये. मग दांड्याचे आतले टोक टामीने हलकेच उचकटून गिअरपेटीतून काढावे. तिथल्या तेलरोधक कड्याला ओरखडा जाऊ देऊ नये.

(४) दांडा व्हाइसमध्ये धरावा. मध्ये लाकडाच्या पट्ट्या घालाव्यात. पट्ट्या कापून जुना बूट कापून टाकावा. ग्रीस पुसून दांड्यावरचे कुलूप-कडे, म्हणजे सर्क्लिप, शोधावे. काही गाड्यांत ते उघडून बाहेरचा सांधा लाकडी हातोड्याने ठोकून काढता येतो. काही गाड्यांत तो दांड्यावरून काढायचाच नसतो. अशा वेळी आतला सांधा काढून दोन्ही बूट त्या टोकाकडून चढवतात. काय करायचे ते पुस्तिका सांगेल. सुटणाऱ्या भागांवर आधी रंगाच्या खुणा कराव्यात, म्हणजे ते होते त्याच स्थितीत परत बसतील. एकमेकांसोबत झिजलेल्या भागांची जोडी मोडू नये.

(५) सांधा रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडा करावा. जवळपास विस्तव किंवा विडी-सिगारेट नको. सांधा निरनिराळ्या बाजूंना वाकवून प्रत्येक गोळी आणि खोबण उजेडात पाहावी. पृष्ठभाग आरशासारखा असेल, तर तो वाचला. नखाला लागेल असा खळगा किंवा पिंजऱ्याला तडा असेल, तर नवा बूट घालण्यात अर्थ नाही.

(६) आता सर्वांत सोपी, पण नेहमी विसरली जाणारी पायरी. सांधा बसवण्यापूर्वी लहान पट्टी आणि नवा बूट दांड्यावर सरकवून घ्यावा! दातेरी टोकावर चिकटपट्टी गुंडाळली तर बुटाचे तोंड कापले जात नाही. मग नवे सर्क्लिप घालून सांधा 'टक्‌' असा बसेपर्यंत ठोकावा आणि ओढून खात्री करावी.

(७) बुटासोबत मिळालेले सगळे ग्रीस वापरावे. त्याचे प्रमाण मोजलेले असते. काही गोळ्यांच्या फटींत दाबून भरावे, उरलेले बुटात घालावे. दुसरे कोणतेही ग्रीस चालेल असे समजू नये. काही ग्रीसमुळे रबर फुगते. बुटाची दोन्ही तोंडे आपापल्या खाचेत बसवावीत आणि लहान तोंड किंचित उचलून आत कोंडलेली हवा सोडावी. घड्या पिळलेल्या किंवा चेपलेल्या नाहीत हे पाहून मगच पट्ट्या आवळाव्यात.

(८) सारे उलट क्रमाने जोडावे. मधला नट नवा घालावा आणि तो चाक जमिनीवर टेकल्यावर, पुस्तिकेत दिलेल्या न्यूटन-मीटरइतकाच, मोजमापाच्या पान्याने आवळावा. हा नट चाकाच्या बेअरिंगलाही धरून ठेवतो, म्हणून अंदाज कामाचा नाही. तो पुन्हा ठोकून पक्का करावा. गिअरपेटीत तेल भरायला विसरू नये. मोजमापाचा पाना घरी नसेल, तर हे काम गॅरेजमध्येच करवून घेणे शहाणपणाचे.

ग्रीस लागलेल्या चिंध्या आणि जुने तेल गटारात टाकू नये. तेल डब्यात भरून, ते परत घेणाऱ्या गॅरेजला द्यावे.

करून पाहा

(अ) हूकचा सांधा. खोडरबराच्या चौकोनी तुकड्याच्या चार बाजूंत चार टाचण्या खोचा. ही झाली फुली. जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या U आकारात वाकवून त्यांच्या टोकांना भोके पाडा आणि त्या समोरासमोरच्या टाचण्यांवर अडकवा. प्रत्येक पट्टीच्या पाठीला एकेक पेन्सिल पक्की बांधा. दोन्ही पेन्सिली पुठ्ठ्याच्या उभ्या आधारांतल्या भोकांत बसवून त्यांच्यात ३० अंशांचा कोन ठेवा. भोकांभोवती कोनमापकाने अंश आखा आणि पेन्सिलींना दर्शक काटे लावा. फिरवायच्या पेन्सिलीचा चिमटा टेबलाला समांतर ठेवून सुरुवात करा. पहिली पेन्सिल ४५ अंश फिरवली, की दुसरी सुमारे ४९ अंश फिरेल. पहिली ९० वर आणली, की दुसरीही ९० वर येईल. म्हणजे पुढच्या ४५ अंशांत ती ४१ अंशच फिरली! १३५ आणि १८० अंशांवर काय होते ते स्वतः नोंदवा.

(आ) बुटाच्या घड्या. शीतपेय पिण्याच्या घड्यांच्या नळीवर एका घडीला शाईचा ठिपका द्या. नळी काटकोनात वाकवून दोन्ही हातांत धरा आणि फिरवा. ठिपक्याची घडी एका फेऱ्यात किती वेळा उघडते?

(इ) ओझोनच्या चिरा. दोन सारखी रबरबँडे घ्या. एक डब्याभोवती चांगले ताणून बसवा, दुसरे सैल ठेवा. दोन्ही घराबाहेर सावलीत टांगा आणि दर आठवड्याला भिंगातून पाहा. चिरा आधी कोणावर पडतात? त्यांची दिशा कोणती?

(ई) रबर आणि रॉकेल. शिक्षकांच्या देखरेखीखाली, विस्तवापासून दूर, फुग्याच्या रबराचा मोजून कापलेला चौकोन बाटलीत थोड्या रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाजू पुन्हा मोजा. सांधा धुतल्यावर तो पूर्ण कोरडा करूनच नव्या बुटात का घालायचा, याचे उत्तर तुम्हांला मोजपट्टीवरच मिळेल.